उजवीकडचा खिसा

कपड्यांच्या दुकानात उभा जन्म काढलेल्या बाईच्या अंगावर त्या दुकानातला एकही कपडा नसावा, हे ऐकणाऱ्याला खरं वाटत नाही. ताईच्या बाबतीत मात्र ते अगदी खरं होतं. चौकातल्या त्या मोठ्या रेडिमेड दुकानात ती तरुणपणी लागली आणि बायकांच्या कोट-जाकिटांच्या काउंटरवरच तिचे केस पिकले. इतक्या वर्षांत तिनं किती कोट विकले असतील, याचा हिशेब तिनं ठेवला नाही. पण एकही कोट कुणाच्या गळ्यात मारला नाही. गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहिलं की ती डोळे बारीक करून बघायची आणि सरळ सांगायची, "हा नको. यात तुम्ही आजारी दिसता." बाई आधी चिडायची, मग दुसरा घ्यायची, आणि पुढच्या थंडीत मैत्रिणीला घेऊन परत यायची.

ताई स्वतः मात्र घरचेच कपडे घालायची, आणि तेही बदललेले. आईचा स्कर्ट कापून केलेली बंडी, स्वतःच्याच दोन विटक्या शर्टांचा मिळून एक धड शर्ट, बाह्या विरल्या म्हणून बिनबाह्यांचा झालेला स्वेटर. तिचा नियम एकच होता: कापड बाहेरून आणायचं नाही. जे लागेल ते घरातल्याच कशातून तरी निघालं पाहिजे. लोकांना वाटायचं, बाई चिकट आहे. चिकट-बिकट काही नव्हती. महिन्यातून दोनदा दुकानातल्या पोरींना स्वतःच्या खर्चानं केक खाऊ घालायची. तिला नुसतं नवं आवडत नव्हतं, बस. नव्या कपड्याला अजून काही सांगायचंच नसतं, असं तिचं म्हणणं. त्या पोरी तिला मागे कात्रीताई म्हणायच्या आणि पुढे ताई. तिला दोन्ही नावं ठाऊक होती आणि दोन्हींचा राग नव्हता.

या सगळ्या कपड्यांचा राजा म्हणजे तिचा निळा कोट. तो मुळात तिच्या वडिलांचा. वडील बस चालवायचे, आणि खिडकीकडचा खांदा उन्हानं पार राखाडी पडलेला होता. ते गेल्यावर धाकट्या भावानं कोट देऊन टाकायला काढला, तेव्हा ताईनं त्याच्या हातातून ओढून घेतला. ब्लेडनं सगळा उसवला, शिवणींतली वर्षांची धूळ ब्रशनं झाडली, ओलं फडकं घालून इस्त्री केली आणि आतली बाजू बाहेर काढून पुन्हा शिवला. आतून तो कोट जसा घेतला तसाच गडद निळा राहिला होता. कॉलरच्या खाली तिनं आईच्या मरून शालीचा तुकडा लावला. कॉलर वर केली की तेवढीच एक मरून रेघ गालाशी यायची, आणि ताई रस्त्यानं चालताना ती कॉलर कायम वरच ठेवायची.

असा उलटवलेला कोट जाणकाराला लगेच ओळखता येतो. छातीवरचा खिसा डावीकडचा उजवीकडे जातो. पूर्वी लोक तो खिसा लपवायचे, शिवून टाकायचे, वर रुमाल टाचायचे, कारण उजवीकडचा खिसा म्हणजे घरात नव्या कपड्याची ऐपत नाही याची पाटीच. ताईनं उलट त्या खिशाला मरून पट्टी लावली होती. पाटी आहे तर ठळक तरी असू दे.

त्या वर्षी थोरल्या मालकांचे गुडघे गेले आणि दुकान त्यांच्या सुनेच्या हातात आलं. सूनबाई वाईट नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. सगळ्यांच्या आधी यायची, शेवटी जायची, हिशेबाला पक्की होती, आणि पोरींना बसायला स्टुलं तिनंच आणून दिली. पण तिला सगळं एकसारखं लागायचं. एकसारखे हँगर, एकसारखे आरसे, आणि आता एकसारख्या बायका. एका सकाळी शटर उघडायच्या आधी तिनं सगळ्यांना गोळा केलं आणि प्रत्येकीच्या हातात एकेक पाकीट ठेवलं. आत फिकट जांभळं जाकीट होतं, आणि छातीवर डाव्या बाजूला सोनेरी धाग्यानं दुकानाचं नाव भरलेलं.

"हे तुमचंच," सूनबाई म्हणाली. "घरी न्या, धुवा, काय वाटेल ते करा. मी परत मागणार नाही. फक्त सोमवारपासून काउंटरवर हेच घालायचं."

पोरी खूश झाल्या. ताईनं पाकीट उघडलंच नाही.

"मला नको, मॅडम."

"का बरं?"

"फिकट जांभळा मला शोभत नाही."

दोघीतिघी खुदकन हसल्या. सूनबाई हसली नाही. "शोभण्याचा प्रश्नच नाही, ताई. दुकानातलं माणूस कोण ते गिऱ्हाइकाला कळायला पाहिजे."

"मला गिऱ्हाईक तोंडावरून ओळखतं. आणि दुसऱ्यांना काय शोभतं हे सांगून मी पोट भरते. मला काय शोभतं ते मला नको का ठरवायला?"

"मग काउंटरवर नाही उभं राहता येणार."

"मग नाही राहणार," ताई म्हणाली, आणि म्हणून बसली. सूनबाईनंही शब्द खाली पडू दिला नाही. सोमवारी ताईची रवानगी मागच्या गोदामात झाली.

गोदाम म्हणजे एक लांबोडी खोली, छताशी एक खिडकी, खोकी, वाफेची इस्त्री आणि लोखंडी दांडीवर टांगलेला माल. नव्या कपड्यांना किमतीची तिकिटं टोचायची, चुण्या काढायच्या आणि पुढे पाठवायचं, हे काम. काम ताईला जड नव्हतं. जड होतं ते भिंतीपलीकडून येणारे आवाज ऐकणं. पलीकडे तिच्या काउंटरवर एक नवी पोर उभी असायची आणि प्रत्येकीला एकच वाक्य सांगायची, "खूप छान दिसतंय हं." ताई इकडे इस्त्री आपटायची. तिला तिचा काउंटर हवा होता, अगदी मनापासून हवा होता. दिवसभरात कुणालाही "हा नको" म्हणता येत नव्हतं, त्यानं ती आतून वाळत चालली होती.

घरी तर आणखी मजा. ती धाकट्या भावाकडे राहायची. खरं तर घर दोघांचं होतं, पण भावजय आल्यापासून भावाचं म्हणायची पद्धत पडली होती. ताईच्या पिशवीत तसंच राहिलेलं पाकीट फोडून भावजयीनं जाकीट स्वतःच्या अंगाला लावून बघितलं.

"किती छान आहे, ताई. फुकट मिळतंय तर घाला की. चार तासांचा तर प्रश्न."

"दहा तासांचा."

"घातलं म्हणून अंगाला चिकटणार आहे का?"

भाऊ जेवता जेवता मान वर न करता म्हणाला, "तिला नाही सांगून उपयोग. सगळ्या गावानं बघितलं पाहिजे ना, आमच्याकडे काही नाही ते."

भाऊ विमा कंपनीत होता आणि त्याच्या शर्टाची घडी मोडलेली कुणी पाहिली नव्हती. विटला की टाकला, अशी त्याची रीत. याचं मूळही त्या उजवीकडच्या खिशातच होतं. लहानपणी आईनं त्याचा शाळेचा कोट असाच उलटवला होता. सगळ्या वर्गाचा खिसा डावीकडे, बिल्ला डावीकडे, आणि याचा उजवीकडे. पोरांनी त्याला 'उलट्या' म्हणून म्हणून सळो की पळो केलं. तो रडत घरी आला आणि पलंगाखाली जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी ताईनं स्वतःच्या धड, न उलटवलेल्या कोटाचा खिसा उसवला, उजवीकडे लावला आणि त्याचा हात धरून शाळेच्या फाटकातून आत गेली. चिडवणं थांबलं नाही. मग दोघांना चिडवू लागले. ताईला त्या दिवसापासून उजवीकडचा खिसा आवडू लागला आणि भावाला त्याचा कायमचा तिटकारा बसला. एकाच घरात एकाच गोष्टीचं असं होऊ शकतं.

थंडीतला सेल लागला त्या शनिवारी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. गोदामातही खोक्यांची इतकी रास झाली की ताई रोज कोट अडकवायची ती खुंटीच मागे गेली. तिनं आपला कोट दांडीच्या टोकाला, नव्या कोटांच्या शेजारी टांगला आणि मागच्या कोपऱ्यात शिडीवर चढून स्वेटर काढू लागली. तेवढ्यात सूनबाई धावत आली, "पुढे कोट संपले, आहेत तेवढे नेते," असं म्हणत दांडीवरचे सगळे हँगर एका कवेत घेतले आणि गेलीसुद्धा. ताई शिडीवरून "हो" म्हणाली. चूक म्हणाल तर तिचीही होती. दुकानातल्या माणसाला हँगरवर लटकलेली प्रत्येक गोष्ट मालच दिसते, हे तिला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं.

जेवायला निघताना तिला दांडी रिकामी दिसली. ती तशीच, इस्त्रीच्या वाफेनं ओले झालेले केस घेऊन, पुढे दुकानात आली.

मोठ्या आरशासमोर एक बाई तिचा कोट घालून उभी होती. कॉलर वर, मरून रेघ गालाशी. खांद्यात जरा सैल होता, पण शोभत होता. ताईचा डोळा स्वतःशीही खोटं बोलत नसे. शेजारी सूनबाई उभी होती.

"एकच पीस राहिलाय," ती सांगत होती. "अगदी या सीझनचा. ही खिशाची पट्टी बघा ना, काय वेगळी आहे."

तिनं अंदाजानं किंमतही सांगून टाकली होती, आणि ती चांगली सणसणीत होती. बाईनं पर्स उघडली होती. ताईचं पित्त खवळलं, पण आवाज तिनं काउंटरवरचाच ठेवला.

"मॅडम, तो माझा कोट आहे."

सूनबाईनं कोटाकडे पाहिलं, तिकीट शोधलं, ते नव्हतंच, आणि तिचा चेहरा उतरला. तिनं ताईला कोपर धरून ट्रायल रूमच्या पडद्याआड नेलं.

"चुकलं माझं," ती हळू आवाजात म्हणाली. "गडबडीत उचलला. पण आता मी गिऱ्हाइकाला शब्द देऊन बसलेय, चार लोक बघतायत. द्या एवढा. सगळे पैसे तुमचे. आणि सोमवारपासून तुमचा काउंटर तुम्हाला. घाला तुम्हाला काय घालायचं ते, गणवेशाचं मी नाव काढणार नाही."

खोटं कशाला सांगू, ताई विरघळली. तिला तिचा काउंटर दिसला, गळ्यात टेप अडकवून ती आरशाशेजारी उभी आहे असं दिसलं. तिनं तोंड उघडलंही होतं. मग तिच्या मनात एक साधा प्रश्न आला आणि तोच ती बोलून गेली.

"हा कोट विकून मी त्या काउंटरवर घालू काय?"

आणि ती पडदा सारून बाहेर आली.

"हा कोट माझा आहे," तिनं त्या बाईला सांगितलं. "मिळणार नाही. माफ करा."

"असं कसं? मी आधी घेतलाय," बाई म्हणाली. "यावर काय तुमचं नाव लिहिलंय?"

"नाव नाही. खिसा आहे." आजूबाजूच्या बायका थांबल्या होत्या. ताईनं त्यांच्याकडे पाठ केली नाही. "या दुकानातला कुठलाही कोट बघा, छातीवरचा खिसा डावीकडे आहे. याचा उजवीकडे आहे, कारण हा उलटवलेला कोट आहे. माझे वडील बस चालवायचे, त्यांचा. बाहेरून उन्हानं गेला म्हणून मी आतली बाजू बाहेर काढली. पुरुषांच्या कोटाची काजं डावीकडे असतात. उलटवला की ती उजवीकडे येतात, बायकांच्या कोटासारखी. म्हणून बाबांचा कोट मला घालता येतो. तुम्ही घातलाय तो तोच."

"म्हणजे जुना?" बाईनं विचारलं.

"बराच."

बाईनं कोट असा काढला की जणू आत मुंग्या निघाल्या. दोन मिनिटांपूर्वी त्याच कोटात ती स्वतःला सगळीकडून निरखत होती. ताईला तिचा राग आला नाही, कीव आली. तिनं कोट घेतला, झटकला आणि तिथंच, सगळ्यांसमोर अंगात घातला.

सूनबाईचा मात्र तिळपापड झाला होता. "भर गर्दीत दुकानाची शोभा केलीत," ती दातओठ खात म्हणाली. "मी जुने कोट विकते असं झालं ना आता. ऐका, ताई. सोमवारी जाकीट घालून काउंटरवर यायचं. नाहीतर गोदामातही येऊ नका."

"बरं," ताई म्हणाली. कामावरच्या माणसांनी मागच्या गल्लीच्या दारानं जायचं, असा दुकानाचा नियम होता. ताईनं कॉलर वर केली आणि गर्दीतून वाट काढत, काचेच्या मोठ्या दारानं ती बाहेर पडली.

रविवारी दुपारी तिनं खिडकीशी मशीनवरचं झाकण काढलं आणि जाकीट टेबलावर पसरलं. तिला बोलायचं नव्हतं, पण भावजयीनं दुकानात झालेलं सगळं तिच्या तोंडून काढून घेतलं. भाऊ वर्तमानपत्राआडून म्हणाला, "म्हणजे घालणार तर शेवटी."

"घालणारच. त्यांनी मला दिलंय, माझं आहे. माझं म्हटल्यावर ब्लेड लागणारच."

तिनं पहिली शिवण उसवायला घेतली. तिच्या बोटांना हल्ली बारीक काम जमत नव्हतं, चष्मा घसरत होता, ब्लेड एकदा कापडात गेलं. भाऊ बघत होता. थोड्या वेळानं त्यानं वर्तमानपत्राची घडी केली.

"ताणून धर, नाहीतर फाडशील," तो म्हणाला. "आण इकडे."

लहानपणी आईला उसवून द्यायचं काम त्याचंच होतं, हे ताई विसरली होती. तो विसरला नव्हता. दोन बोटांत शिवण ताणायची, दर चौथा टाका कापायचा आणि मग दोरा एका झटक्यात ओढायचा. दोरा सर्रकन निघाला आणि भावाला स्वतःचंच हसू आलं.

"तुझा खिसा तू उगीच हलवलास तेव्हा," तो खाली बघतच म्हणाला. "तुझा कोट चांगला होता. मी एकटा होतो तर एकट्याला चिडवलं असतं."

"म्हणूनच हलवला."

"मी कधी म्हटलं नाही तुला काही."

"आता म्हटलंस की." ताईचे डोळे भरून आले आणि तिनं ते सरळ बाहीला पुसले. "बाही उसव आता. बोलू नकोस, ब्लेड आहे हातात."

त्या कापडाची आतली बाजू वांग्याच्या सालीसारखी गडद होती. ताईनं ती बाहेर घेतली. आईच्या शालीचा उरलेला तुकडा कॉलरला आणि बाहीच्या कडांना गेला. भावानं बटणं लावली, जरा वाकडी. ताईनं ती तशीच राहू दिली. छातीवरचं भरतकाम मात्र प्रश्न होता. उलटवल्यावर ते उजवीकडे आलं होतं, आणि बाहेरून नुसत्या गाठी आणि आडवेतिडवे सोनेरी धागे दिसत होते.

"हे झाकायचं का?" भावानं विचारलं. मग स्वतःच मान हलवली. "नको. राहू दे."

सोमवारी ताई मोठ्या दारानंच आत आली. पोरी काउंटर पुसत होत्या, त्यांचे हात थांबले. ताई आपल्या काउंटरमागे गेली, तिथं उभ्या असलेल्या नव्या पोरीला म्हणाली, "बस जरा स्टुलावर," आणि टेप गळ्यात अडकवली. सूनबाई लांबून चालत आली आणि समोर थांबली.

"मी जाकीट घालून यायला सांगितलं होतं."

"घातलंय की. हेच ते."

सूनबाईनं कॉलर पाहिली, बाह्या पाहिल्या, वाकडी बटणं पाहिली. हे आपणच दिलेलं जाकीट आहे, हे तिला हळूहळू पटत गेलं. मग तिनं उजवीकडच्या गाठींवर बोट ठेवलं.

"आणि दुकानाचं नाव?"

"आहे ना. आतून सरळ आहे, मला वाचता येतं. बाहेरून तुम्हाला वाचता येत नसेल तर सांगा, मी घरी जाते."

सूनबाईनं बाहीवरचा एक सुटा दोरा चिमटीत धरून तोडला. "हा राहिला होता," एवढंच म्हणाली आणि शटर पूर्ण वर करायला निघून गेली.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते थेट ताईपाशीच. कोवळी पोरगी होती, कॉलेजातली असावी. ती नव्या कोटांकडे बघेचना.

"तुम्ही घातलंय तसं आहे का?"

सूनबाई ऐकण्याच्या अंतरावर उभी होती. ताईनं डोळे बारीक करून पोरीला एकदा खालपासून वरपर्यंत बघितलं.

"विकायचं ते सगळं मागच्या दांडीवर आहे, चल, दाखवते," ती म्हणाली. "हे माझं आहे. असं हवं असेल तर घरी जा आणि तुझं कपाट उघड."